आबांचं बसून

माझे आबा, म्हणजे वडील धुळाजी, अठराव्या वर्षी आमच्या धावडा गावाहून कुणाला न सांगता निघाले आणि फौजेत भरती झाले. वर्षभराने ते पहिल्या सुट्टीवर घरी आले, तेव्हाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. आजोबा, रखमाजी, मेंढरं कोंडून नुकतेच आले होते. त्यांनी पोराला खालून वरून न्याहाळलं आणि विचारलं, "बंदूक चालवतो का रे?"

"चालवतो थोडी. पन माझं काम बँडमध्ये हाये, बा. वाजवतो."

"काय वाजवतो?"

"बसून."

"ते कळलं. पन वाजवतो काय?"

"बसूनच."

आजोबा आजीकडे वळले आणि म्हणाले, "पोराच्या डोक्यावर परिनाम झालाय. डागदरला दाखव."

बसून हे वाद्याचं नाव आहे, हे गावाला पटायला दोन सुट्ट्या गेल्या. आबा मातीत काठीने त्याचं चित्र काढून दाखवायचे. लाकडाची लांबलचक नळी, मधोमध दुमडलेली, तरीही माणसाच्या छातीपर्यंत येणारी. वरून बाकदार नळी, तिच्या टोकाला दोन पातळ पात्यांची जिभली. आवाज जाडा, खोल, थोडासा म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यासारखा. पचमढीच्या फौजी संगीतशाळेत उस्तादांनी सगळ्या रंगरुटांचे पंजे बघितले होते. आबांची बोटं लांब म्हणून त्यांच्या वाट्याला बसून आलं. त्याआधी त्यांनी आयुष्यात फक्त मेंढरांमागे पावा वाजवला होता.

आम्ही घरच्यांनी मात्र ते वाद्य कधी ऐकलं नाही. ते सरकारी होतं, पलटणीचं होतं, सुट्टीवर घरी आणायची परवानगी नव्हती. त्यामुळे माझ्या लहानपणी आबांचं काम म्हणजे काय, हे मला कधीच नीट कळलं नाही. वर्षातून दोन महिने एक उंच, टापटिपीचा माणूस घरी यायचा, पहाटे उठून दाढी करायचा, मायला पाणी शेंदू लागायचा आणि निघून जायचा. बाकीचे दहा महिने मेंढरं, दोन एकर मका, आजोबांचं दुखणं आणि मी, हे सगळं माय बघायची. माझ्या मायचं नाव साळूबाई. तिला वाचता येत नव्हतं आणि आबांना पत्र लिहायचा कंटाळा होता. ते चार ओळी खुशालीच्या लिहायचे आणि खाली पाच समांतर रेघा मारून त्यावर काळे ठिपके काढायचे. मी ते मायला दाखवलं की ती म्हणायची, "हे तारेच्या कुंपनाला लोकर अडकल्यावानी काय काढलंय?"

एका सुट्टीत आबांनी मला ते ठिपके वाचायला शिकवले. मी नऊ वर्षांची असेन. वरचा ठिपका म्हणजे वरचा सूर, खालचा म्हणजे खालचा, शेपटी असली की लवकर सोडायचा. मी गुणगुणायला लागले की ते डोळे मिटून हाताने ताल धरायचे. नंतर शाळा, परीक्षा, लग्न, यांत मी ते सगळं विसरले.

आबांचे सगळ्यात चांगले दिवस मुंबईतले. अठ्ठ्याऐंशी साली त्यांची बदली तिथे झाली. शहरात पाश्चात्य संगीताचा एक मोठा वाद्यवृंद होता आणि त्यांच्याकडे बसून वाजवणारा माणूस नव्हता. तेव्हा सगळ्या देशात मिळून असे किती असतील! त्यांनी आबांच्या कर्नलसाहेबांकडे रीतसर विचारणा केली आणि साहेबांनी सोडलं. चार वर्षं आबा दिवसा परेडला वाजवायचे आणि संध्याकाळी तालमीला जायचे. काळा कोट त्यांनी एका गोवेकर व्हायोलिनवाल्याचा मागून घेतला होता, तो बाह्यांना आखूड व्हायचा. शंभर माणसांच्या मधोमध बसून, समोरच्या संचालकाच्या काठीकडे बघत, आपला सूर यायची वाट बघायची. "पन्नास मोजायचे, मंग आपले चार सूर," ते सांगायचे. "पन ते चार चुकले तर सगळ्यांचं वाटोळं."

मग त्र्याण्णव साली आसामात एका वळणावर फौजेचा ट्रक उलटला. जीव वाचला, पण वरचे पुढचे चार दात गेले आणि ओठ फाटला. जिभली ओठांत धरायची तर मागे दात लागतात. फौजेने नवे दात बसवून दिले, ते घालून जेवता यायचं, बोलता यायचं, बसून वाजवता येत नव्हतं. चौतिसाव्या वर्षी त्यांचं वाजवणं संपलं.

त्यांचे बँडमास्तर त्यांना इस्पितळात भेटायला आले होते. म्हणाले, "धुळाजी, दाँत गए हैं, कान नहीं गए." आणि त्यांनी कोऱ्या रेघांच्या कागदांचा गठ्ठा खाटेवर ठेवला.

तिथून आबा दुसऱ्यांसाठी लिहायला लागले. एखादी चाल घ्यायची आणि ती बँडमधल्या चाळीस वाद्यांत वाटून द्यायची, कुणी काय वाजवायचं, कुणी कधी गप्प राहायचं, हे ठरवायचं. पुढे बँडमास्तरचा कोर्स केला, हातात काठी आली, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर तोच मुंबईचा वाद्यवृंद त्यांना परत घेऊन गेला, आधी कागद लिहायला आणि मग उपसंचालक म्हणून. दहा वर्षं तेही केलं. आम्ही एकदाही बघायला गेलो नाही. एकदा तिकिटं आली होती, तर मेंढरांना खुरीचा आजार झाला. पुढच्या वेळी माझी बी.एड.ची परीक्षा होती.

मी आता अंकुशनगरला असते. माझे मिस्टर, रामेश्वर, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत आणि मी जवळच्याच एका खासगी शाळेत शिकवते. मागच्या वर्षी मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं, तेव्हापासून आबा आणि माय आमच्याकडेच आहेत. माय खुर्चीत बसून शेजारणींना बोलावून घ्यायची. आबांना मात्र करमत नव्हतं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग बघत ते फाटकाशी उभे राहायचे.

डिसेंबरात आमच्या मुख्याध्यापिका उषाबाई मला म्हणाल्या, "इंद्रायणी, यंदा संमेलनाला डीजे नको. मागच्या वेळी लहान मुलं रडायला लागली. तुझे वडील बँडमधले ना? बघ ना काही जमतं का."

मी घरी येऊन विचारलं. आबा म्हणाले, "बँड कुठंय इथं?"

बँड होता, म्हणजे बँडवाले होते. डीजे आल्यापासून घनसावंगी, अंबडकडचे लग्नाचे बँड एकेक करून बंद पडले होते. वाद्यं खाटेखाली आणि माणसं दुसऱ्या धंद्याला. रामेश्वरनी फोन करकरून नऊ जण गोळा केले. त्यांच्यात मुख्य तिघे. क्लॅरिनेटवाला रामकिसन, साठीचा, घनसावंगीला शिवणकाम करणारा. ट्रंपेटवाला पप्पू, त्याचं पंक्चरचं दुकान. आणि युफोनियम हे पितळेचं जाडजूड वाद्य पोटाशी धरून वाजवणारा वसंता, जो आता एका गोडाऊनवर राखणदार होता.

पहिल्या तालमीआधी आबांनी आठ दिवस बसून कागद लिहिले. प्रत्येकाचा वेगळा, पट्टीने रेघा मारून, काळ्या शाईत. तीन तुकडे होते. एक कवायतीची चाल, एक नाचाची आणि एक त्यांची स्वतःची. तिसऱ्याला नाव नव्हतं. वर नुसतं "इस्पितळ, १९९३" असं लिहिलं होतं.

रविवारी चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले. आबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. त्यांनी कागद वाटले, काठी उचलली आणि म्हणाले, "पयल्या ओळीपासून."

कुणीच वाजवलं नाही. पप्पूने कागद उलटा करून बघितला. "काका, हे काय हाये?"

"तुझा भाग."

"आमाला हे वाचता येत न्हाई. तुमी मोबाईलवर लावा, आमी ऐकून उचलतो."

आबांचा चेहरा बदलला. त्यांनी पप्पूला सरळ उभं राहायला सांगितलं, रामकिसनला पान थुंकून यायला सांगितलं आणि तासभर सगळ्यांना एक-दोन-तीन-चार मोजायला लावलं. कुणी हसलं की पहिल्यापासून. साडेपाचला रामकिसनने क्लॅरिनेट सुटं केलं, डबीत घातलं आणि म्हणाला, "साहेब, आमी भरती व्हायला न्हाई आल्तो."

पुढच्या रविवारी दोघेच आले.

आबा दोन दिवस फाटकाशीच उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मायने भाजी निवडता निवडता विचारलं, "पावा शिकलात, तवा कागद कुठला होता?" आबांनी चपला घातल्या आणि मला म्हणाले, "त्या रामकिसनरावांचं दुकान दाखव."

आम्ही जीपने घनसावंगीला गेलो. दुकान म्हणजे टपरीच, एक मशीन आणि एक स्टूल. रामकिसन शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्या शिवत होता. त्याने मान वर केली, पण पाय थांबवले नाहीत.

आबा स्टुलावर बसले. म्हणाले, "रामकिसनराव, मी चुकलो. तीस वर्सं फौजेत काढली ना, दुसरी तऱ्हाच ठाऊक न्हाई. तुमी वाजवा, मी ऐकतो. त्या दिवशी मी कुनाचं ऐकलंच न्हाई."

रामकिसनने मशीन थांबवलं. "आता? गिऱ्हाईक येतंय."

"येऊ द्या."

त्याने कपाटाच्या वरून डबी काढली. आधी सहज फुंकल्यासारखं केलं, मग एक जुनी वरातीची चाल धरली. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. आबा पुढे वाकून ऐकत होते. मी त्यांना असं ऐकताना लहानपणानंतर पहिल्यांदा बघत होते.

संपल्यावर आबांनी विचारलं, "कुनी शिकवलं?"

"बापानं. त्यांनाही कागद येत नव्हता." मग जरा थांबून, "तुमी सोता काय वाजवायचे?"

आबांनी सांगितलं. वाद्याचं नाव ऐकून रामकिसन हसला, पण पुढचं ऐकताना गंभीर झाला. आबांनी वरची कवळी अंगठ्याने थोडी खाली सरकवून दाखवली. "हे चार सरकारी हायेत. जेवायला चालतात."

रामकिसन बराच वेळ आपल्या क्लॅरिनेटकडे बघत राहिला. "माझे गेले तर मी काय करीन," तो म्हणाला. मग उठून त्याने चहा सांगितला. चहा पिता पिता त्याने स्वतःच पप्पूला फोन लावला. "रविवारी येऊन राह्यलो आपन. हो, मी बोललो त्यांच्याशी. वसंतालाही आन."

त्या रविवारपासून आबांनी कागद माझ्याकडे दिले. "तू ठेव. मी विसरलो तर सांग." आणि ते प्रत्येकाजवळ जाऊन त्याचा भाग गाऊन दाखवायला लागले. पप्पूला त्याचा, ढोलवाल्याला त्याचा, वसंताला त्याचा. दात सैल असल्यामुळे काही सूर शिटीसारखे यायचे, पण कुणी हसलं नाही. मी व्हरांड्याच्या पायरीवर कागद घेऊन बसायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मी ते ठिपके वाचू शकतेय. आबा नाचाच्या चालीत एका जागी अडले, तर माझ्या तोंडून पुढचे चार सूर आपोआप बाहेर पडले. आबांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "बराबर." मग पुढचा भाग गायला लागले. माझे मात्र कान गरम झाले.

त्यांचं काम म्हणजे काय, ते मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळत होतं. नऊ माणसं, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, प्रत्येकाचा दम वेगळा. पप्पू घाईचा, तर त्याच्या वाट्याला लांब सूर देऊन त्याला थोपवायचं. वसंताचा श्वास कमी पडतो, तर त्याच्या मधे दुसऱ्याला घुसवायचं. आणि काठी खाली आली की सगळ्यांनी एकदम थांबायचं. ती शांतता मला फार आवडायची. माय एवढी वर्षं शंभर मेंढरं एकटीने सांभाळायची, ते मला आठवायचं. हे मी तिला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मेंढरं बरी. ती भांडत न्हाईत."

तिसरा तुकडा सगळ्यात अवघड गेला. त्यात मुख्य चाल एकट्या वसंताच्या युफोनियमला होती. खोल, सावकाश, लांबवर जाणारी.

संमेलनाच्या दिवशी सकाळी दहाला वसंताचा फोन आला. त्याच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, तिला जालन्याला नेत होते. तो रडकुंडीला आला होता. "साहेब, काय करू सांगा."

"तू जा," आबा म्हणाले. "हे काय इचारायचं झालं? जल्दी जा."

फोन ठेवून ते पायरीवर बसले. मी म्हणाले, "आबा, तिसरं सोडून देऊ. दोनच वाजवा."

"सोडायचं कशाला? जे हायेत त्यांच्यात बसवायचं. हेच काम केलं मी जलमभर." त्यांनी माझ्याकडून कागद घेतले आणि पेन्सिलीने खुणा करायला लागले. दुपारी रामकिसन आला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "वसंताची चाल तुमी घ्या. पन वर न्हाई. क्लॅरिनेटच्या पार तळाला."

"तिथं कुनी वाजवत न्हाई, साहेब. वरातीत तो सूर ऐकूच येत न्हाई."

"आज वरात न्हाई."

आबांनी ती चाल तीनदा गायली. रामकिसनने तीनदा नुसती बोटं फिरवली. चौथ्या वेळी त्याने फुंकलं आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. आबा हळूच म्हणाले, "असंच. बिलकुल असंच. हे त्याच्या लई जवळ जातंय." कुणाच्या जवळ, ते त्यांनी सांगितलं नाही. पण मला कळलं.

कार्यक्रम पाचला सुरू झाला. पटांगणात मुलं, पालक, पुढच्या रांगेत शेजारणींच्या मधे माय. आबांनी काळा कोट घातला होता, बाह्या बरोबर होत्या. कवायतीच्या चालीला मुलांनी टाळ्यांचा ताल धरला, नाचाच्या चालीला तर पहिलीची पोरं उठून नाचायला लागली. मग आबांनी हात वर करून थोडा वेळ तसाच ठेवला. पटांगण शांत झालं.

रामकिसनने तळातला सूर लावला. एवढ्या मोठ्या मैदानात तो कितीसा पोचणार, असं मला वाटत होतं. पण बाकीच्यांना आबांनी इतकं खाली धरलं होतं की तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मी कडेला उभी होते, तिथून मला आबांचा चेहरा दिसत होता. काठी हलत होती आणि त्यांचे ओठ दातांवर आत वळलेले होते, जिभली धरल्यासारखे. रामकिसन श्वास घ्यायचा, तेव्हा तेही घ्यायचे.

चाल दुसऱ्यांदा आली तेव्हा पुढच्या रांगेतून मायचा आवाज आला, चांगला मोठ्याने. "अगं बाई! ही तर माझी हाक हाये!"

शेजारीण तिला गप्प करायला लागली, तर ती आणखी जोरात सांगायला लागली. "माझी हाये! धावड्याला दिवस कलला की टेकावर उभी राहून मेंढरं बोलवायची मी. अशीच! इचारा यांना!" लोक हसले. इतकी सावकाश वाजत होती, म्हणून मला ती एवढे आठवडे ओळखू आली नव्हती. आबा वळले नाहीत. त्यांनी काठी चालू ठेवली आणि तुकडा शेवटापर्यंत नेला.

टाळ्या खूप वेळ वाजत होत्या. उषाबाईंनी नारळ दिला. तेवढ्यात वसंताचा फोन आला, नातू झाला होता, आणि पप्पूने तो फोन माइकला लावून सगळ्यांना ऐकवला. या गडबडीत माय आबांशी काही बोलली नाही. घरी आल्यावरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा घेताना तिने विषय काढला. "मला न इचारता घेतली."

आबा कपातच बघत होते. "इस्पितळात होतो. तोंड बांधलेलं. पन्नास दिवस बोलता येत नव्हतं. एवढं संगीत शिकलो होतो, त्यातलं काहीच आठवेना. तीच येऊन राह्यली होती कानात, सारखी."

मायने पदराने कपाची कड पुसली. ती रडते की काय, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "मंग बराबर तरी लिहायची. शेवट चुकला तुमचा."

"काय चुकला?"

"तुमी शेवटाला खाली उतरवली. मी वर न्यायचे. खाली उतरवली तर मेंढरू कशाला येईल? त्याला वाटंल, बाई दमली, राहू दे." आणि ती खुर्चीचा हात धरून उठली, नवा गुडघा सरळ केला आणि तिने हाक दिली. समोरच्या क्वार्टरमधला माणूस ब्रश तोंडात धरून बाहेर आला. रामेश्वर आतून धावत आले.

आबा म्हणाले, "थांब, थांब. परत दे." त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. तिने चारदा हाक दिली आणि त्यांनी तीस वर्षं जुना शेवट खोडून वर नवा लिहिला. ठिपके वरच्या रेघेच्याही वर गेले.

संमेलन झालं तरी रविवारची तालीम कुणी सोडली नाही. पुढच्या रविवारी वसंता पेढे घेऊन व्हरांड्यात आला. आबा त्याला नवा शेवट गाऊन दाखवायला लागले, पण वरचा सूर कवळीत अडकत होता. तेव्हा माय म्हणाली, "सरका," आणि स्वतः वसंतासमोर उभी राहिली. ती हाक द्यायची आणि तो तिच्यामागे फुंकायचा. पहिल्यांदा तो आखूड पडला, दुसऱ्यांदा फाटला. आबा खांबाला टेकून ऐकत होते. पाचव्या वेळी मायने मान हलवली आणि खुर्चीत जाऊन बसली. मग आबांनी सगळ्यांना आपापल्या जागा घ्यायला सांगितलं.